बहिःशाल व्याख्यानमाला गावात आणि संध्याकाळी कशी घ्यायची (आमच्या चुकांसकट)

बहिःशाल, म्हणजे विद्यापीठ कॉलेजांमार्फत लोकांसाठी ठेवतं ती व्याख्यानं, म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढं एकच सीन येतो. सकाळचे अकरा, कॉलेजचा हॉल, एफवाय-एसवायची पोरं शिपायानं वर्गातून उठवून आणून बसवलेली, मागच्या चार रांगा मोबाईलमधे मान घालून, आणि वक्ता बिचारा "विद्यार्थी मित्रांनो" करत घाम गाळतोय. फोटो निघतो, अहवाल जातो, संपलं. मी स्वतः कॉलेजात असताना त्याच हॉलमधे मागच्या रांगेत झोप काढलेली आहे, खोटं कशाला बोलू.

पण शब्द बघा ना, बहिःशाल. शाळेच्या बाहेरचं. म्हणजे जे कॉलेजात येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं विद्यापीठानं जायचं, आणि आपण काय करतो तर जे आधीच कॉलेजात बसलेत त्यांनाच अजून एक तास बसवतो. केंब्रिजनं हा प्रकार १८७३ मधे चालू केला तेव्हा दिवसभर काम करणारी माणसं डोळ्यापुढं होती. आपल्याकडं न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मधे वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही एप्रिल-मे मधे चालते, आणि तीही संध्याकाळीच, कारण माणूस मोकळा तेव्हाच असतो. पुणे विद्यापीठ निघालं १९४९ ला, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर, म्हणून विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाची जी व्याख्यानमाला पुणे, नगर (आता अहिल्यानगर), नाशिक या तीन जिल्ह्यात होते तिला जयकरांचं नाव आहे. मुंबई विद्यापीठाचाही बहिःशाल विभाग आहे. तुम्ही ज्या विद्यापीठाच्या हद्दीत असाल तिथं चौकशी करा, खाली लिहितोय ते आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावातलं आहे, सात वर्षांचं. मी प्राध्यापक वगैरे नाही, वाचनालयाच्या कमिटीवर आहे आणि सतरंज्या उचलायला नेहमी असतो एवढीच पात्रता.

पहिलं काम, कॉलेजातला माणूस गाठा. बहिःशालचं केंद्र कॉलेजला असतं आणि त्याचा एक केंद्रकार्यवाह असतो, कुठलातरी प्राध्यापक, बहुतेक वेळा ज्याला नाही म्हणता आलं नाही असा. त्याच्याकडं विद्यापीठाचं परिपत्रक आणि वक्त्यांची-विषयांची यादी येते. त्याला भेटायचं ते कॉलेज नुकतं सुरू झालं की, जून-जुलैत, डिसेंबरात जाऊन उपयोग नाही तोवर त्यानं अकरा वाजताचा कार्यक्रम उरकलेला असतो. आणि जाताना मागणी घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. म्हणजे असं म्हणा, "सर, जागा आमची, माइक आमचा, माणसं आम्ही गोळा करतो, तुम्ही फक्त वक्ता आणि पत्र बघा, आणि बॅनरवर कॉलेजचं नाव वर." शेवटचं वाक्य विसरू नका, प्राचार्य त्याच्यावरच सही करतात. मानधन-प्रवासखर्चाचे नियम त्या वर्षीच्या परिपत्रकात काय आहेत ते त्यांच्याकडूनच वाचून घ्या, अंदाजानं वक्त्याला काही कबूल करू नका. कॉलेजातल्या नेहमीच्या जागेऐवजी गावात कार्यक्रम घ्यायला विद्यापीठाला कळवायचं असेल तर ते पत्रही तेव्हाच देऊन टाका.

आता तारीख. याच्यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण निम्मी व्याख्यानं तारखेनंच मरतात. आम्ही पहिल्या वर्षी संक्रांतीनंतरचा आठवडा धरला, म्हटलं सण झालाय, लोक निवांत असतील. एकही बाई आली नाही. तिन्ही दिवस समोर नुसत्या टोप्या. नंतर आमच्या वहिनींनी हसत हसत सांगितलं, अहो रथसप्तमीपर्यंत संध्याकाळी हळदीकुंकू असतं घरोघर, तुमच्या व्याख्यानाला कोण येणार. कमिटीत एक जरी बाई असती तर हे आधीच कळलं असतं, म्हणून दुसऱ्या वर्षी आधी दोघींना कमिटीत घेतलं. मार्गशीर्षातले गुरुवार पण तसेच सोडा. पंचांग उघडून लग्नाच्या तिथी बघा, तुळशीचं लग्न झालं की धडाका सुरू होतो आणि मोठी तिथी असली की अख्खं गाव मंगल कार्यालयात जेवायला. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्च, तेव्हा घरात टीव्ही पण बंद असतो, तेव्हा माइक लावलात तर पालक भांडायला येतील आणि बरोबरच येतील. शाळेचं गॅदरिंग कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारा. क्रिकेटचं वेळापत्रक बघा, हसू नका, भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी आमच्याकडं अकरा माणसं होती, त्यात माइकवाला धरून.

आणि एक गोष्ट जी शहरातल्या माणसाच्या डोक्यात येणारच नाही, शेतीपंपाची वीज. ज्या आठवड्यात वीज रात्रीची असते त्या आठवड्यात शेतकरी रात्री पाणी भरायला जातो, त्यामुळं तो एकतर दुपारपासून झोपून घेतलेला असतो किंवा आठलाच निघायच्या तयारीत असतो. दिवसाची पाळी कुठल्या आठवड्यात आहे ते वायरमनला विचारून तारीख ठरवायची. हे सगळं वजा करता करता आमच्याकडं जानेवारीचा पहिला आठवडा उरतो. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, विद्यापीठाला नावही त्यांचंच, म्हणून ३, ४, ५ असं आम्ही जवळजवळ कायमचं करून टाकलंय. कांद्याची लागण चालू असते तेव्हा, ती अडचण आहेच, पण सगळं जुळणारा आठवडा वर्षात नसतोच.

वेळ पण तशीच. पत्रिकेवर "सायं. ६ वा." लिहू नका. सहाला लोक डेअरीच्या रांगेत किटल्या घेऊन उभे असतात. आमच्याकडं दूध घालणं साडेसातला आटोपतं, म्हणून व्याख्यान पावणेआठला सुरू आणि सव्वानऊला बंद. नऊनंतर म्हातारी माणसं उठतात, आणि दहानंतर लाउडस्पीकर कायद्यानंच बंद. उघड्यावर माइक लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी काढा, अर्ज आठ दिवस आधी द्या म्हणजे हेलपाटे कमी होतात.

जागा. कॉलेज गावापासून दोन किलोमीटर रोडला, संध्याकाळनंतर तिकडं कोण जातंय. देवळाचा सभामंडप छान असतो, सगळ्यांच्या पायाखालचा, पण काही लोक देवळात येत नाहीत किंवा त्यांना संकोच वाटतो, ते तुम्हाला तोंडावर सांगणार नाहीत, फक्त येणार नाहीत. म्हणून आम्ही वाचनालयाचा हॉल धरला. साठ माणसं बसतात, दाटीवाटीनं नव्वद. एक लक्षात ठेवा, दोनशेच्या हॉलमधे साठ माणसं म्हणजे फसलेला कार्यक्रम दिसतो आणि साठच्या हॉलमधे ऐंशी माणसं म्हणजे लोक दारात उभे, दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा. माणसं तेवढीच, हॉल लहान घ्यायचा बास. जानेवारीत आमच्याकडं थंडी कडक असते, फरशीवर एक सतरंजी पुरत नाही, खाली ताडपत्री मग सतरंजी. मागं भिंतीला टेकून पंधरा खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी, आणि त्या पुढाऱ्यांनी धरू नयेत म्हणून आमचा एक पोरगा तिथं उभाच असतो.

माइकचं नीट ऐका. डीजेवाल्याला बोलवू नका. त्याच्याकडं आवाज आहे पण शब्द नाही. आम्ही एका वर्षी फुकट मिळतोय म्हणून घेतला, वक्ता "शेतकऱ्यांचा प्रश्न" म्हणाला की नुसतं ढुम ढुम ऐकू यायचं. गावात एखादा जुना माइकवाला असतो, कीर्तनाला जातो तो, त्याला धरा, कीर्तनात प्रत्येक शब्द शेवटच्या माणसाला लागतो हे त्याला माहीत असतं. दोन छोटे बॉक्स, एक हातातला माइक, एक स्टँडचा. हातातला माइक प्रश्नांसाठी, तो पहिल्यापासून वेगळा ठेवा. कार्यक्रमाआधी एक जण माइकवर पेपर वाचेल आणि दुसरा सगळ्यात मागं दारात उभा राहून ऐकेल, रिकाम्या हॉलमधे घुमतं तेवढं माणसं भरल्यावर घुमत नाही, तो फरक माइकवाल्याला कळतो. आणि इन्व्हर्टर. लाईट जाणार. तिन्ही दिवसात एकदा जाणारच, हे धरूनच चाला.

वक्ता निवडताना नाव बघू नका, विषय बघा, आणि विषय आपल्या गावाच्या भाषेत फिरवून घ्या. यादीत असतं "भूजल व्यवस्थापन : समस्या व उपाय". हे वाचून कोण येईल? आम्ही त्या विषयाच्या वक्त्या सरांना फोन केला, म्हटलं सर आम्ही फलकावर "आपली बोअर का आटते?" असं लिहिलं तर चालेल का. सर दोन सेकंद गप्प, मग हसले, म्हणाले लिहा लिहा. त्या दिवशी जागा पुरली नाही. सर पीपीटी आणणार होते, आम्ही म्हटलं नको, मागच्यांना दिसत नाही आणि दिवा बंद केला की लोक झोपतात, काहीतरी हातात धरता येईल असं आणा. तर त्यांनी पिशवीतून दोन दगड काढले. एक काळा पाषाण, गुळगुळीत, आणि एक भोकाभोकाचा. स्टीलच्या ताटात दोन्ही ठेवले आणि तांब्यानं वरून पाणी ओतलं. काळ्यावरनं पाणी सरळ ताटात, दुसऱ्यानं थोडं पिऊन घेतलं, उचलला तर खालून थेंब थेंब गळत होता. मागून एक म्हातारबाबा ओरडले, "मांजऱ्या हाय तो, मांजऱ्या! आमच्या हिरीला लागलाय!" झालं, सरांनी त्यांनाच पुढं बोलावलं, किती हातावर लागला, पाणी कुठल्या बाजूनं येतं, आणि पुढची वीस मिनिटं विद्यापीठाचा माणूस आणि विहीर खणलेला माणूस एकमेकांशी बोलत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो. आपल्याकडं पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटीत असतं, खाली अखंड पाषाण लागला की सहाशे फूट जा नाहीतर आठशे जा, बहुतेक वेळा धूळच येते, हे तेव्हा लोकांना पटलं, कारण ताट समोर होतं.

म्हणून वक्त्याशी फोन दोन करायचे. पहिला तारखेसाठी. दुसरा आठ दिवस आधी, त्यात सांगायचं की समोर कोण असणार, दूध घालून आलेली माणसं, अंगणवाडीच्या ताई, दुकानदार, दहावी नापास पण रोज पेपर वाचणारे, आणि बोलायचं पन्नास मिनिटं. पन्नास म्हटलं की साठ होतात. गाडीनं येणार की एसटीनं ते तेव्हाच विचारा, शेवटची गाडी किती वाजता आहे ते डेपोत जाऊन बघा, फलकावरच्या वेळेवर विश्वास नको, कंडक्टरला विचारा. गाडी चुकणार असेल तर मुक्कामाची सोय आधी. एकदा आमच्यातल्या एकानं "कुणीतरी सोडेल" म्हटलं आणि एक ज्येष्ठ बाई रात्री साडेदहाला फाट्यावर उभ्या होत्या, आम्ही दोघं बरोबर होतो तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रसिद्धीला छापील पत्रिका शंभर बास, त्या फक्त घरी नेऊन द्यायच्या माणसांना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका पण त्याच्या भरवशावर राहू नका, तिथं सगळे हात जोडलेले इमोजी टाकतात आणि येत कुणीच नाही. आमचं सगळ्यात जास्त काम डेअरीतला खडूचा फळा करतो. रोज दोनदा शंभर-दीडशे माणसं फॅटचा आकडा बघायला त्याच्यापुढं उभी राहतात, त्याच फळ्याच्या कोपऱ्यात सेक्रेटरी रोज लिहितो, "आज पावणेआठ. वाचनालय. बोअर का आटते." दुसरं, शाळेत पाचवी ते सातवीच्या पोरांना वहीत लिहून न्यायला सांगायचं, पोरगं घरी जाऊन डोकं खातं.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ, आणि इथं मी जरा कडू बोलणार आहे. सत्कार. आमच्या दुसऱ्या वर्षी चौदा सत्कार झाले, मी मोजलेत. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, पुढचा. एक स्थानिक पुढारी, नाव नको, "दोन शब्द" बोलायला उभे राहिले ते पंचवीस मिनिटं, त्यात त्यांनी केलेल्या रस्त्याची लांबी पण आली. वक्ता माइकसमोर आला तेव्हा पावणेनऊ वाजलेले आणि सतरंजीवर निम्मी माणसं. तेव्हापासून नियम असा की स्टेजवर खुर्च्या तीनच, वक्ता, अध्यक्ष, सूत्रसंचालक. मागच्या पंधरा सोडून बाकीच्या खुर्च्या आतल्या खोलीत कुलपात. सत्कार एक, वक्त्याचा, पुस्तक देऊन. बाकी मान्यवरांची नावं एकदम एका दमात घ्यायची आणि "सर्वांचं स्वागत", टाळी, पुढं. पुढारी नाराज होतात का, होतात. त्यांना आधी घरी जाऊन सांगायचं की साहेब तुम्ही पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकलंत तर गावात फार चांगला मेसेज जाईल. एक तर खरंच बसले, आणि त्यांनी चांगला प्रश्न पण विचारला.

दीपप्रज्वलन ठेवायचंच असेल तर पंखा बंद करा आणि वाती आधी तेलात भिजवून ठेवा. पाच मान्यवर एका समईभोवती सात काड्या ओढतायत हे दृश्य लय वाईट दिसतं. वक्त्याची ओळख दोन मिनिटात, बायोडाटा वाचायचा नाही, "यांनी काय काम केलंय आणि आज आपल्याला काय सांगणारेत" एवढंच. सूत्रसंचालन करणाऱ्याला चारोळ्या बंद.

प्रश्नोत्तरं हा खरा माल असतो आणि तोच बहुतेक ठिकाणी वाया जातो. "कुणाला काही प्रश्न?" म्हटलं की एकतर शांतता, नाहीतर एक कायमचे काका उठतात आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं व्याख्यान देतात. यावर आमचा उपाय चिठ्ठी. आत येतानाच प्रत्येकाला अर्ध्या पानाची कोरी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा द्यायचा, व्याख्यान चालू असतानाच दोन पोरं गोळा करत फिरतात. नाव लिहायची सक्ती नाही. बायकांचे प्रश्न चिठ्ठीतूनच येतात, पहिली दोन वर्षं तोंडी एकही आला नव्हता. मासिक पाळीवरच्या व्याख्यानाला बावीस चिठ्ठ्या आल्या आणि डॉक्टर बाईंनी सगळ्या वाचून उत्तरं दिली, त्या दिवशी सव्वानऊचा नियम आम्हीच मोडला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एक मुलगी बसवायची, ती कानात ऐकून लिहून घेते. कायमच्या काकांना अध्यक्ष करून टाका एका वर्षी, मग ते वेळ पाळायला लागतात.

खर्चाचं सांगतो, गेल्या वर्षी माइक, चहा, फलक, पुस्तकं, पेट्रोल धरून तीन संध्याकाळचे आमचे ४,६५० रुपये गेले, वक्त्याचं मानधन बहिःशालमधून. पैसे वीस जणांकडून गोळा केले, एकाच माणसाकडून सगळे घेतले नाहीत, एकाकडून घेतले की बॅनरवर त्याचा फोटो वक्त्यापेक्षा मोठा होतो. चहा शेवटी द्या. आधी दिला तर लोक कप घेऊन बाहेर जातात आणि तिथंच गप्पा रंगतात.

वक्ता गेल्यावर त्याच रात्री दोन कामं. मानधनाच्या पावतीवर सही घेतलीय ना ते बघायचं, नाहीतर कार्यवाह सरांना महिनाभर फोन करत बसावं लागतं. आणि उपस्थितीची वही बंद करून सरांकडं द्यायची, फोटोसकट, कारण पुढच्या वर्षी संध्याकाळी घेऊ द्यायचं की नाही हे त्या वहीतल्या आकड्यांवर ठरतं. आमच्या सरांनी पहिल्या वर्षी सकाळचा कार्यक्रम पण ठेवला होता, आता ठेवत नाहीत, उलट कॉलेजची पोरंच संध्याकाळी गावात येतात, आपापल्या आईला घेऊन आलेली पण दोन-तीन पाहिलीत.

त्याच वहीत शेवटचं पान आम्ही मोकळं सोडतो, वर फक्त "पुढच्या वर्षी काय ऐकायचं?" असं लिहून. यंदा त्याच्यावर अठरा ओळी आल्यात. कांद्याचा भाव कोण ठरवतं. पोरांना मोबाईल द्यायचा का. गावाचं नाव कशावरून पडलं. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात, "बचत गटाच्या कर्जाचा कागद ज्याच्यावर सही घेतात त्याच्यात काय लिवलेलं असतं ते वाचून दाखवा." यादीत असा विषय सापडला नाही, सर म्हणाले वाणिज्यच्या एका मॅडमना विचारतो. ४ जानेवारी त्यांच्यासाठी मोकळी ठेवलीय.